डोक्यापासून पायापर्यंतचा नवस

नवस बोलताना माणसानं जरा जपून बोलावं. नारळ बोलावा, फार तर कोंबडं बोलावं, एकदा फेडून मोकळं व्हावं. वत्सलाबाईंनी बोललेला नवस मात्र त्यांनी नव्हे, त्यांच्या नवऱ्यानं फेडायचा होता. आणि तोही एकदाच नव्हे, मोटरसायकलला किक मारील तेव्हा तेव्हा, जन्मभर.

नवरा म्हणजे सावळाराम धानके. राहणार शहापूर, नोकरी मुरबाडच्या एका हायस्कुलात लेखनिकाची. एका संध्याकाळी किन्हवलीच्या रस्त्यानं घरी येताना गवताच्या ट्रकनं त्यांना अलगद बाजूला केलं. 'अलगद' हा शब्द ट्रकच्या ड्रायव्हरचा. बाजूला भाताचं खाचर होतं. त्याच्या बांधावर सावळारामांचा पाय मोडला आणि डोकं असं आपटलं की बराच वेळ ते शुद्धीवर नव्हते. ड्रायव्हर भला माणूस, पळून गेला नाही. इस्पितळाच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "दिसलाच नाय ओ माणूस. स्वेटर राखाडी, रस्ता राखाडी, टाइम पण दिवेलागणीचा. मला दिसनार कसा?" आतून डॉक्टर येऊन म्हणाले, डोक्यावर हेल्मेट असतं तर एवढं झालं नसतं. ही दोन्ही वाक्यं वत्सलाबाईंच्या काळजाला लागली. त्यांनी तिथंच भिंतीकडे तोंड केलं, हात जोडले आणि गावदेवीला सांगितलं, "आई, माझा माणूस उठून बसू दे. यापुढं गाडीवर बसल तवा डोक्यापासून पायापर्यंत जाडजूड घालूनच बसल, आणि लांबून दिसल असा भडक घालूनच बसल. नायतर मी त्याला गाडीवर बसू देनार नाय."

देवीनं आपलं काम चोख केलं. सावळाराम उठून बसले आणि पहिल्या चहाबरोबर त्यांना नवसाची बातमी कळली. माणूस आडवा असला की कशालाही हो म्हणतो. शिवाय ही दोन हजार चार सालची गोष्ट. तेव्हा आमच्या दोन्ही तालुक्यांत मोटरसायकलवर हेल्मेट घालणारा माणूस म्हणजे एक तर पोलीस, नाहीतर नुकतंच टक्कल पडलेला. पण गाडी सोडणं सावळारामांना शक्य नव्हतं. मुरबाडला रेल्वे नाही. एसटी येते ती तिच्या मर्जीनं, आणि जीप सुटते ती दोन माणसं टपावर चढल्यावर. इतकी वर्षं त्या दोघींच्या दारात उभं राहून काढल्यावर त्यांनी ही गाडी घेतली होती. गाडीवर बसलं की सावळाराम धानके कुणाची वाट बघत नसत. हायस्कुलात नाहीतरी ते सगळ्यांचीच वाट बघत.

प्लास्टर निघालं आणि साज जमवायला सुरुवात झाली.

हेल्मेट कल्याणहून आणलं. ते डोक्यात जाताना बरं जायचं, निघताना कान मागायचं. आतून बाहेरचं फारसं ऐकू येत नसे आणि बाहेरच्याला आतलं मुळीच ऐकू येत नसे. पुढचा प्रश्न जाडजूड कपड्यांचा. शेजारचे नामा, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. आयुष्यभर त्यांनी अंगावर खाकी सदरा सोडून काही घातलं नव्हतं, त्यामुळे सुरक्षिततेवर ते अधिकारानं बोलत. "सावळाराम, मेन काय तर गुडघा. गुडघा गेला की मानूस गेला. हायस्कुलात ती किरकेटची पॅडा असतात ना? ती बांध."

हायस्कुलातून पॅड आणणं सोपं, असं तुम्हाला वाटेल. हेडमास्तर म्हणाले, रीतसर अर्ज करा. सावळारामांनी अर्ज लिहिला. हायस्कुलात आलेला प्रत्येक अर्ज सावळारामच स्वीकारत, म्हणून त्यांनी तो स्वतःकडूनच स्वीकारला आणि वर पाठवला. काही दिवसांनी हेडमास्तरांनी शेरा मारला: 'क्रीडासाहित्य फक्त मैदानावरील वापरासाठी असल्याने विनंती मान्य करता येत नाही.' त्याचं टंकलिखित उत्तरही सावळारामांनाच करावं लागलं. 'आपणांस कळविण्यात येते की' असं स्वतःला कळवताना त्यांना फार अपमानास्पद वाटलं. शेवटी उंदरांनी कुरतडलेली, भंगारात काढलेली पॅडची एक जोडी पीटीच्या मास्तरांनी कुणाला न सांगता त्यांच्या पिशवीत टाकली. त्यांतल्या एका पॅडचा पट्टा तुटका होता, तिथं त्यांनी जुन्या पायजम्याची नाडी बांधली.

राहिला भडकपणा. शहापुरात लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवणारा एक शिंपी होता. त्याच्याकडे नारिंगी कापड उरलं होतं. त्याचं त्यानं गुडघ्यापर्यंत येणारं जाकीट शिवलं आणि सवयीनं पितळी बटणंही लावली. नामांच्या ओळखीचा एक जण हायवेच्या कामावर होता. त्यानं रस्ता बंद असताना लावतात त्या चमकत्या पट्ट्या आणून दिल्या. त्या छातीवर, पाठीवर आणि दोन्ही दंडांवर लागल्या. पायात भातलावणीचे गमबूट. अंगणात उभं राहून सावळारामांनी हेल्मेट चढवलं तेव्हा वत्सलाबाईंनी हेल्मेटाला कुंकू लावलं आणि ओवाळलं. त्यांचे डोळे भरून आले होते. गोठ्यातल्या बैलानं मात्र दावं तोडलं.

लेक नम्रता दारातून बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "कॉलेजच्या रस्त्यानं जाऊ नका, येवढंच करा."

रस्त्यावर निघाल्यापासून सावळारामांना एक गोष्ट कळून चुकली. लांबून दिसायला लागल्यापासून ते कुणालाच दिसेनासे झाले होते. पूर्वी वाटेत चार ठिकाणी लोक हात करत, "काय धानके, बरा हाय ना?" म्हणत. आता तेच लोक उठून उभे राहत. कुणी विचारी, साहेब, डांबर कवा पडनार. कुणी तारा लोंबल्याची तक्रार करी. एका पाड्यावर तर बायांनी हंडे आडवे मांडून बोअरिंगचं काय झालं ते विचारलं. "अहो, मी धानके, हायस्कुलातला," असं ते आतून ओरडून सांगत. बाहेर नुसता घूं असा आवाज येई. बाया म्हणत, बघतो बोलला.

इथपर्यंत ठीक होतं. अपमान ही काय लेखनिकाला नवीन गोष्ट नव्हे. पण डॉक्टरांनी एक पथ्य सांगितलं होतं: पाय एकसारखा दुमडून ठेवू नका, मध्ये उतरा आणि थोडी पावलं टाका. म्हणून वाटेवरच्या सावरपाडा गावाच्या वरच्या वळणावर ते रोज थांबत. वळणाखाली सगळं खोरं पसरलेलं. मधून नदी, दोन्ही अंगांना खाचरं. सावळाराम गाडी लावत, आणि पॅडमुळे पाय वाकत नसल्यानं ताठ पावलं टाकत बांधाच्या कडेनं पार त्या टोकाला जात. तिथं उभे राहून खोऱ्याकडे बघत, आणि मोजकी पावलं टाकत परत येत. त्यांना तेवढाच विसावा.

आता आमच्या भागातल्या माणसाला विचारा, धरण कसं सुरू होतं. तो सांगेल की आधी एक अनोळखी माणूस येतो. त्याचे कपडे वेगळे असतात. तो कुणाशी बोलत नाही, पावलं टाकत जमीन मोजतो आणि नदीकडे बघत राहतो. मग काही वर्षांनी तुमच्या खाचरात मुंबईचं पाणी उभं राहतं. तानसा काय नि बाकीची काय, सगळी धरणं आमच्या आज्या-पणज्यांनी अशीच सुरू झालेली सांगितली. सावरपाड्याला तर वरच्या अंगाला धरण होणार अशी बोलवा आधीपासूनच होती. त्यात हा नारिंगी माणूस रोज यायला लागला. गावानं बैठक घेतली, पुढारीपण जयराम वेखंडे यांच्याकडे दिलं, आणि वळणावरून खाली गावात उतरला की सोडायचा नाय असं ठरवलं.

यातलं सावळारामांना काही माहीत नव्हतं. त्यांना जयराम वेखंडे फक्त एकाच नात्यानं माहीत होते. नम्रतेला बघून गेलेल्या दीपेशचे ते वडील. मुलगा आसनगावहून लोकलनं रोज कल्याणला कामाला जाणारा, निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे नम्रतेला पसंत. तिनं तसं तोंडानं सांगितलं नव्हतं, पण तो येऊन गेल्यापासून ती भांडी घासताना गुणगुणत होती. आधीच्या दोन ठिकाणांहून नकार आले तेव्हा हीच पोर आठवडाभर जेवली नव्हती. आता मुलीकडच्यांनी सावरपाड्याला जाऊन घर बघायचं आणि होकार घ्यायचा, येवढंच राहिलं होतं.

ठरलेल्या रविवारी सगळ्या जीपा कुणाच्या तरी लग्नाला गेल्या होत्या. सावरपाड्याची एसटी रविवारी येत नाही. गाडीशिवाय गत्यंतर नव्हतं.

"आजच्या दिवस नुसता पांढरा शर्ट घालतो," सावळाराम म्हणाले. "व्याह्यांच्या दारात असा कसा जाऊ? देवी समजून घेईल."

"मी देवीला जन्मभर बोलले. रविवार सोडून नाय बोलले."

"अगो पोरीचं लग्न मोडेल."

"पोरीचा बाप मोडला तर?" वत्सलाबाई म्हणाल्या आणि पॅड घेऊन त्यांच्या पायाशी बसल्या. नाडी त्यांनी नेहमीपेक्षा घट्ट बांधली.

सावळारामांनी जास्त वाद घातला नाही. त्यांनी मनाशी बेत केला की गावाबाहेर झाडाखाली उतरायचं, सगळं काढून पिशवीत भरायचं आणि माणसासारखं चालत आत जायचं. वत्सलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, गजरा माळून मागं एका अंगानं बसल्या, मांडीवर पेढ्यांचा पुडा धरला. गाव जवळ आलं तसा त्यांनी डोक्यावरून पदर ओढून घेतला. व्याह्यांचं गाव, रीत पाळायला नको?

गावाबाहेरचं झाड काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. वळणावरून त्यांना बघूनच खाली हाकाटी झाली होती. झाडाशी पोचायच्या आत रस्ता माणसांनी भरला.

"आला रे मोजणीवाला. आज बायकोला पन आनलाय."

कुणी तरी चावी काढून घेतली. दोघांनी हँडल धरलं. सावळाराम पाय खाली टेकवायला गेले, तर एका म्हातारीनं काठी आडवी धरली. "उतरायचा नाय. तुझा पाय आमच्या जमिनीला लागला की तू मोजतोस."

"आमी पावने हाव," पदराआडून वत्सलाबाई म्हणाल्या. "वेखंड्यांकडं आलोय."

"सगलं मोजणीवालं पावनं बनूनच येतात," मागून कुणी तरी म्हणालं. "आधी च्या पितात, मंग बोलतात गाव उठवा. याला टोपडा काढायला सांगा, तोंड बघू."

सावळारामांचे हात हेल्मेटाकडे गेले. तेवढ्यात मागून त्यांच्या पाठीत बोट रुतलं. "गाडीवर बसल्यावर काढायचा नाय. नवस हाय."

इथं सावळारामांची स्थिती नीट ध्यानात घ्या. गाडीवर बसलेत तोवर हेल्मेट काढता येत नाही. हेल्मेट काढल्याशिवाय तोंड दिसत नाही. तोंड दिसल्याशिवाय गाव त्यांना गाडीवरून उतरू देत नाही. सरकारदरबारी असल्या कैचीत अडकलेले अर्ज त्यांनी पुष्कळ पाहिले होते. आज पहिल्यांदा ते स्वतः अर्ज झाले होते.

मग गर्दी दुभंगली आणि जयराम वेखंडे पुढं आले. परवा-परवा सावळारामांच्या ओटीवर बसून ज्यांनी शिरा दोनदा मागून घेतला होता तेच जयराम. त्यांनी हेल्मेटाच्या काचेत बघितलं. ऊन असं होतं की त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं. आणि त्या तोंडाला ते बोलायला लागले.

"लाज वाटते का रे तुला? पगारासाठी लोकांच्या जमिनी मोजतोस. तुझ्या घरात पोरंबाळं नसतील काय? तुझ्या पोरीला कुनी घरातून उठवला तर तुला कसा वाटल?"

सावळाराम आत घामानं निथळत ऐकत होते. बोलण्यातलं अक्षर न् अक्षर त्यांना पटत होतं, हीच मोठी पंचाईत होती. "व्याही, मी सावळाराम," ते कळवळून म्हणाले. बाहेर घूं झालं.

"आनि वर गुरगुरतो," जयराम गावाला म्हणाले.

वत्सलाबाईंना आता रडू फुटलं. पेढ्यांचा पुडा छातीशी धरून त्या हुंदके द्यायला लागल्या. त्या आवाजानं की काय, पलीकडच्या घरातून एक ठेंगणी, पीठ माखल्या हाताची बाई लगबगीनं आली. पुरणाची तयारी करत होती बिचारी, पाहुण्यांसाठीच. ती जयरामांची बायको गुणाबाई, नम्रतेला बघायला तीही आली होती. तिनं वत्सलाबाईंचा पदर वर करून बघितला.

"अगो बाई," गुणाबाई म्हणाल्या, "या तर आपल्या इहीनबाई. आनि ओ, तुमी कोनाला शिव्या देताव? तुमचं व्याही हाय आतमंदी."

म्हातारीनं काठी मागं घेतली. सावळाराम उतरले. हेल्मेट निघेना, तेव्हा एकानं खांदे धरले, खुद्द जयरामांनी वरून ओढलं आणि कान लालभडक झालेले व्याही गावासमोर प्रकट झाले. वत्सलाबाईंनी डोळे पुसत नवसाची हकिगत सांगितली. नवस म्हटल्यावर कुणाची काय बोलायची प्राज्ञा? ज्यांनी हँडल धरलं होतं त्यांनीच गाडी सावलीला लावली. जयराम तर पुनःपुन्हा हात जोडत होते, आणि सावळाराम पॅड बांधलेला पाय पुढं लांबवून पुरणपोळी खात होते. वाटेवर मरणाची नामुष्की झाली होती, पण होकार जात नाही येवढं आता त्यांना दिसायला लागलं होतं. गुणाबाईंचं लक्ष मात्र दुसरीकडंच होतं. वाढता वाढता त्या एकदा दारातल्या हेल्मेटाकडे बघत आणि एकदा वत्सलाबाईंकडे.

निघताना त्यांनी वत्सलाबाईंच्या ओटीत तांदूळ घातले. "पोर आमाला पसंत हाय. आमचा होकार समजा," त्या म्हणाल्या. सावळारामांनी डोळे मिटून घेतले. "पन व्याही, एक इचारते, राग मानू नका. इहीनबाईंनी देवीकडं तुमाला मागितला, आनि सवताला इसरल्या. ठीक हाय, बाया इसरतात. पन तुमी रोज येवढा अंगावर चढवता, तुमाला मागं कोन बसलाय ते दिसला नाय? तिच्या डोक्यावर नुसता पदर हाय."

गुणाबाईंनी दारातलं हेल्मेट उचलून सावळारामांच्या हातात दिलं.

"उद्या आमच्या दीपेशच्या मागं तुमची पोर बसल. तिच्या डोक्यावर नुसता पदर आमाला चालनार नाय. येवढीच आमची अट."

गावानं दिलेल्या शिव्या सावळारामांनी पचवल्या होत्या. हे पचलं नाही. त्यांनी साज चढवला, वत्सलाबाई मागं बसल्या, आणि वरच्या वळणावर आल्यावर त्यांनी गाडी थांबवली. पाय मोकळा करण्यासाठी नव्हे. ते उतरले, कान लाल करून घेत हेल्मेट काढलं आणि वत्सलाबाईंपुढं धरलं.

"घाल."

"खुलं झालाव काय? नवस हाय तुमचा."

"तू घातल्याशिवाय मी गाडीवर बसणार नाही."

"आनि तुमी घातल्याशिवाय मी बसू देनार नाय."

हेल्मेट एक, डोकी दोन. जीपा लग्नाला, एसटीला रविवार. दोघंही हट्टाला पेटलेली, आणि दोघंही खरी. सावळारामांना त्या खोऱ्याच्या काठावर उभ्या उभ्या एकदम रडू आलं. त्या संध्याकाळी ती मागं बसली असती तर, हा विचार त्यांच्या मनात इतक्या दिवसांत एकदाही आला नव्हता. आणि आज आला तो परक्या बाईनं सांगितल्यावर. "चुकलं माझं, वत्सला," ते म्हणाले. लग्न झाल्यापासून ते असं पहिल्यांदाच बोलले असावेत, कारण वत्सलाबाईंनी निमूटपणे हेल्मेट घेतलं आणि डोक्यावर चढवलं.

मग राहिला तो एकच मार्ग, ज्यात नवसही मोडत नव्हता आणि डोकंही. कुणीच गाडीवर बसायचं नाही. सावळाराम दुखऱ्या पायानं, पॅड सांभाळत, गाडी ढकलत शहापूरच्या दिशेनं निघाले. शेजारून वत्सलाबाई. वाटेतल्या पाड्यावर माणसं दिसली तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे हेल्मेटावरून पदर घेतला.

समोरून गवतानं लादलेला ट्रक आला. ड्रायव्हरनं लांबूनच वेग कमी केला, ट्रक पार पलीकडच्या कडेला घेतला आणि मान बाहेर काढून विचारलं, "साहेब, गाडी बंद पडली काय?" सावळारामांनी नुसता हात हलवला. दिसलो बाबा, त्यांच्या मनात आलं, एकदाचा दिसलो.

चढ लागला. सावळारामांना धाप लागली. थोडं बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, "नम्रतेला होकार सांगितला की काय नाचेल बघ पोर." त्यांनी वळून बघितलं. वत्सलाबाई चालता चालता थांबल्या होत्या. गावदेवीच्या दिशेला तोंड करून त्यांनी हात जोडले होते आणि हेल्मेटाच्या आतून एकसारखं घूं घूं ऐकू येत होतं. त्या देवीला काहीतरी नवीन बोलत होत्या, आणि बरंच लांबलचक बोलत होत्या.

काय बोललीस, हे विचारायचा सावळारामांना धीर झाला नाही. ते गाडी ढकलत राहिले.